दोन नोंदवह्या आणि एक अनोळखी स्त्री

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, शहरवार्तांच्या एखाद्या कोपऱ्यात, अधूनमधून काही ओळींचे एक निवेदन छापलेले असते. अनोळखी महिला, वय अंदाजे २० ते २५ वर्षे, बांधा सडपातळ, रंग सावळा, चेहरा उभट, केस काळे व लांब, अंगावर अमुक रंगाचे वस्त्र, उजव्या मनगटावर गोंदण. वरील वर्णनाच्या महिलेच्या नातेवाइकांनी अमुक पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. बहुतेक वाचकांची दृष्टी त्या ओळींवरून घसरत पुढे जाते. त्या कोणासाठी लिहिलेल्या आहेत हे कळत असूनही आपल्यासाठी त्या नाहीत, अशी आपली समजूत असते. काही दिवसांनी शवागारातील जागा रिकामी होते, महापालिकेचे कर्मचारी किंवा एखादी सेवाभावी संस्था अंत्यसंस्कार उरकते आणि कागदावर शेरा पडतो : ओळख पटली नाही.

ओळख पटली नाही, या वाक्याला कर्ता नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कोणाला पटली नाही? वैद्यकाला, पोलिसांना, की ज्या घरातून ती स्त्री बाहेर पडली त्या घराला? सर्वसाधारण समजूत अशी की शास्त्र अपुरे पडले म्हणून नाव सापडले नाही. प्रयोगशाळा अधिक सुसज्ज झाल्या की हा प्रश्न आपोआप सुटेल. प्रस्तुत लेखाचा मुद्दा याच्या नेमका उलट आहे. ओळख ही नेहमी दोन बाजूंनी पटत असते. मृतदेह काय सांगतो ही तिची एक बाजू, आणि त्या देहाला शोधत असलेले जिवंत माणूस काय सांगते ही दुसरी. शास्त्राने पहिल्या बाजूची मजल फार लांबवर नेली आहे. अडते ते दुसऱ्या बाजूला, आणि तिथे प्रयोगशाळेचा काहीही दोष नसतो.

ओहायोतील रस्त्याकडेची तरुणी

हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एका प्रकरणाचा इतिहास पाहू. २४ एप्रिल १९८१ रोजी ओहायो राज्यातील मायामी काउंटीत, ट्रॉय या गावानजीक, एका ग्रामीण रस्त्याच्या कडेच्या चरात एका तरुणीचा मृतदेह आढळला. वय विशीच्या आसपास, तांबूस तपकिरी केसांच्या दोन वेण्या, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके, पाय अनवाणी, आणि अंगात हरणाच्या चामड्याचे झालरी लावलेले जाकीट. तिचा गळा आवळून खून झाला होता. मृत्यू होऊन फार वेळ लोटलेला नसल्यामुळे चेहरा ओळखण्याजोगा होता. तरीही तिला ओळखणारे कोणी पुढे आले नाही. नाव नसल्याने लोक तिला त्या जाकिटावरूनच ओळखू लागले.

तत्कालीन पोलिसांनी आणि वैद्यकांनी करावयाचे ते सर्व केले. बोटांचे ठसे घेतले, दातांचा तक्ता तयार केला, चेहऱ्याचे चित्र काढून प्रसिद्ध केले, आणि रक्ताचा नमुना जपून ठेवला. त्या रक्ताचा पुढे कधी काय उपयोग होईल याची १९८१ साली कोणालाही कल्पना असणे शक्य नव्हते. डीएनएच्या रचनेवरून माणूस ओळखण्याची पद्धत इंग्लंडमध्ये सर ॲलेक जेफ्रीज यांना गवसली ती १९८४ मध्ये. तरीही नियमाप्रमाणे नमुना ठेवला गेला आणि टिकला. या संपूर्ण कथेत सर्वांत मोलाचे कृत्य कोणते, असे विचारले तर माझे बोट त्या नोंद केलेल्या, बाटलीवर क्रमांक घातलेल्या रक्ताकडे जाईल.

वर्षे लोटली. शास्त्र पुढे सरकले तसे त्याने या तरुणीला पुन्हापुन्हा प्रश्न विचारले. तिच्या कपड्यांत अडकलेल्या परागकणांची तपासणी झाली. प्रत्येक प्रदेशाची वनस्पतीसृष्टी वेगळी असल्याने कपड्यांवर बसलेले पराग हे प्रवासाच्या टिपणासारखे असतात. या तरुणीच्या बाबतीत ते ईशान्येकडील वृक्षांकडे आणि पश्चिमेकडील कोरड्या मुलुखातील झुडपांकडे, अशा दोन्ही दिशांना बोट दाखवीत होते. केसांचीही तपासणी झाली. माणसाचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि त्या त्या महिन्यात प्यालेल्या पाण्यातील प्राणवायूच्या समस्थानिकांचे प्रमाण त्यात उतरते. पाण्यातील हे प्रमाण प्रदेशाप्रदेशांत बदलते. त्यामुळे केसाच्या लांबीवर मागेमागे जात गेल्यास तो माणूस शेवटचे काही महिने कोणत्या टापूत हिंडत होता याचा अंदाज बांधता येतो.

हे सर्व अद्भुत आहे यात शंका नाही. पण त्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. ती कोठे कोठे फिरली हे पराग सांगू शकले, कोणते पाणी प्याली हे केस सांगू शकले. तिचे नाव काय, हे यांतले कोणीही सांगू शकले नाही. कारण नाव हे शरीरात नसतेच. ते दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडात असते.

नाव सापडले ते एप्रिल २०१८ मध्ये. अनोळखी स्त्रीला अमेरिकेच्या कागदोपत्री ‘जेन डो’ म्हणण्याची प्रथा आहे. त्यावरून ‘डीएनए डो प्रोजेक्ट’ असे नाव घेतलेली एक स्वयंसेवी संस्था २०१७ मध्ये स्थापन झाली. तिने त्या जुन्या रक्तातील डीएनएचे लाखो बिंदू वाचून घेतले आणि हौशी वंशशोधकांनी आपापले तपशील स्वेच्छेने जमा केलेल्या एका सार्वजनिक संग्रहाशी ते ताडून पाहिले. तिच्या एका नातलगाचा तपशील त्या संग्रहात होता. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय आपल्या वह्या उघडून आजोबा, पणजोबा, त्यांचे बंधू अशी नामावळी लावत जातात, तसेच हे काम. एका नातलगावरून वर चढायचे, समान पूर्वज गाठायचा आणि मग दुसऱ्या फांदीने खाली उतरत जायचे. ३७ वर्षे न सुटलेले कोडे अवघ्या चार तासांच्या वंशशोधनाने सुटले. ती अर्कान्सॉ राज्यातील २१ वर्षांची तरुणी होती.

यापुढचा तपशील मात्र शास्त्राच्या कौतुकापलीकडे नेणारा आहे. तिची आई तेव्हा जिवंत होती. मुलगी कधी तरी दूरध्वनी करील, या आशेने त्या माउलीने इतक्या वर्षांत घर बदलले नव्हते आणि दूरध्वनीचा क्रमांकही बदलला नव्हता. एका राज्यात नाव नसलेली मुलगी पुरलेली, आणि दुसऱ्या राज्यात मुलगी नसलेले नाव उराशी धरून बसलेली आई. हरवलेल्यांच्या अधिकृत यादीत त्या मुलीचे नाव नव्हते. नाव सापडले म्हणून खुनी लगोलग सापडला असेही झाले नाही. पण ३७ वर्षे ज्या प्रश्नावरच तपास अडून बसला होता तो प्रश्न निदान मागे पडला.

ठिगळ आणि गोंदण

ओळखीची दुसरी बाजू जेव्हा जागी असते तेव्हा काय घडते, याचे एक उदाहरण फार जुने आहे आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येऊन पोचतो. मुंबईत जन्मलेला आणि इंग्लंडातील लँकेस्टर येथे वैद्यकीय व्यवसाय करणारा डॉ. बक रक्स्टन याने सप्टेंबर १९३५ मध्ये आपली पत्नी आणि घरात काम करणारी वीस वर्षांची तरुणी या दोघींचा खून केला. देहांचे तुकडे करून, ओळख पटेल अशा खुणा जाणूनबुजून नष्ट करून, ते स्कॉटलंडमध्ये मॉफट गावाजवळच्या एका ओहोळात टाकले. स्वतः डॉक्टर असल्याने कोणत्या खुणा बोलतात हे त्याला ठाऊक होते. २९ सप्टेंबर १९३५ रोजी ते अवशेष सापडले.

ग्लासगोचे जॉन ग्लेस्टर आणि एडिंबरोचे जेम्स ब्रॅश या दोन प्राध्यापकांनी त्या वेळी केलेले काम न्यायवैद्यकशास्त्रात आजही शिकविले जाते. कवटीचे छायाचित्र मृत स्त्रीच्या हयातीतील छायाचित्रावर त्याच कोनातून आणि त्याच मापात बसवून पाहण्याची पद्धत या खटल्यामुळे जगासमोर आली. अवशेष ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते ती प्रत लँकेस्टर परिसरापुरत्या छापलेल्या खास आवृत्तीची निघाली, आणि तपासाची दिशा ठरली. पण त्या गुंडाळ्यांत एक पोलकेही होते. मोलकरणीच्या सावत्र आईने ते पाहताक्षणी ओळखले. कारण काखेत लावलेले ठिगळ तिने स्वतःच्या हाताने शिवले होते. डोळे, चेहरा, बोटे यांवरील खुणा पुसण्याचा आटापिटा करणाऱ्या त्या डॉक्टरला एका गरीब बाईच्या टाक्यांचे मोल कळले नव्हते. १२ मे १९३६ रोजी मँचेस्टर येथे त्याला फाशी देण्यात आले. ठिगळ बोलले याचे कारण एवढेच की मुलगी घरी आली नाही म्हणून चौकशी करणारे कोणी तरी होते, आणि दोन्ही बाजूंची गाठ पडली.

अलीकडचे उदाहरण बेल्जियममधले. जून १९९२ मध्ये अँटवर्प शहरात नदीच्या पात्रात एका स्त्रीचा मृतदेह सापडला. तिचा खून झाला होता. डाव्या हातावर काळ्या फुलाचे, हिरव्या पानांचे गोंदण होते. ३१ वर्षे ती ‘फुलाचे गोंदण असलेली स्त्री’ एवढ्याच नावाने नोंदींत राहिली. मे २०२३ मध्ये इंटरपोलने नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी या देशांतील २२ अनोळखी स्त्रियांची माहिती प्रथमच जनतेसमोर खुली केली. त्याआधी असा मजकूर पोलीस दलांपुरता मर्यादित राहत असे. वेल्समधील एका कुटुंबाने ते गोंदण बातमीत पाहिले आणि ओळखले. त्यांच्या मुलीचे शेवटचे पत्र मे १९९२ मध्ये आले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचे नाव जाहीर झाले. येथे कोणतेही नवे शास्त्र लागले नाही. जी माहिती ३१ वर्षे एका देशाच्या कपाटात होती ती योग्य त्या डोळ्यांपर्यंत पोचली, एवढेच झाले.

आपल्या पोलीस ठाण्यातील दोन वह्या

आता आपल्याकडे वळू. आपल्या कोणत्याही पोलीस ठाण्यात या विषयाशी संबंध असलेल्या दोन नोंदी असतात. एक ‘मिसिंग’ची आणि दुसरी ‘अकस्मात मृत्यू’ची. घरातून निघून गेलेल्या प्रौढ स्त्रीची खबर पहिलीत जाते. सापडलेल्या अनोळखी देहाची दुसरीत. अकस्मात मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४व्या कलमाखाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १९४वे कलम त्या जागी आले आहे. कलमाचा आकडा बदलला, पण या दोन वह्यांनी एकमेकींकडे पाहावे यासाठी लागणारी सक्ती मात्र अजूनही आलेली नाही. एकाच ठाण्यातील वह्यांचे हे. मग मराठवाड्यातील एका तालुक्यात हरवलेली मुलगी जर गुजरातेत किंवा कर्नाटकात रेल्वेमार्गालगत सापडली, तर तिची गाठ कोणी घालून द्यायची? संगणकजाळे आले आहे, छायाचित्रे त्यावर चढविली जातात, हे खरे. परंतु यंत्र तेवढेच ताडून पाहू शकते जेवढे त्याला कोणी सांगितलेले असते. एकीकडे ‘रंग सावळा, बांधा मध्यम’ आणि दुसरीकडेही ‘रंग सावळा, बांधा मध्यम’, यावरून कोणाचे नाव निघणार?

आकडे लहान नाहीत. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १८ वर्षांवरील १,७८,४०० स्त्रिया बेपत्ता झाल्याच्या नोंदी असल्याचे केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये संसदेत सांगितले. यांतील अनेक जणी परत आल्या असतील, अनेकींनी स्वेच्छेने वेगळा संसार मांडला असेल आणि तो त्यांचा हक्कच आहे. पण उरलेल्यांपैकी काही जणींची नोंद दुसऱ्या वहीत कोठे तरी नाव न लागता पडून आहे, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही.

येथे वाचक साहजिकच विचारतील : आधार क्रमांक आहे, त्यात बोटांचे ठसे आहेत, मग मृताचे ठसे ताडून पाहिले की झाले. परंतु २०१६च्या आधार कायद्याच्या २९व्या कलमाने ठसे आणि बुबुळांची मूळ माहिती कोणत्याही कारणासाठी कोणालाही देण्यास मनाई केली आहे. ही मनाई अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. संपूर्ण राष्ट्राच्या बोटांचे ठसे पोलीस तपासासाठी खुले करणे यात धोका आहेच. तात्पर्य, तो दरवाजा बंद आहे आणि आपल्याला दुसरा शोधला पाहिजे.

तो दुसरा दरवाजा बांधण्याचा प्रयत्न झाला होता. डीएनए तंत्रज्ञानाचे नियमन करणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यात हरवलेल्या व्यक्तींची एक सूची आणि अनोळखी मृतांची दुसरी सूची ठेवण्याची तरतूद होती. म्हणजे आपण ज्या दोन वह्यांची गाठ घालून देऊ इच्छितो नेमक्या त्याच. परंतु त्याच विधेयकात संशयितांच्या, कच्च्या कैद्यांच्या आणि गुन्हेगारांच्या सूचीही होत्या. संसदेच्या स्थायी समितीपुढे गंभीर आक्षेप आले. खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिलेलाच होता. अखेर जुलै २०२३ मध्ये सरकारने विधेयक मागे घेतले. ज्या महिन्यात बेपत्ता स्त्रियांचा आकडा संसदेत वाचला गेला, त्याच महिन्यात त्यांच्यासाठीची ती सूचीही विधेयकाबरोबर बासनात गेली.

आक्षेप आणि उत्तर

आक्षेप घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. डीएनए म्हणजे केवळ ओळखपत्र नव्हे. त्यात नाते आहे, वंश आहे, आजार आहेत. आणि जातीपातींनी पोखरलेल्या आपल्या समाजात अशा माहितीच्या कोठाराची भीती वाटणे शहाणपणाचेच आहे. अमेरिकेतही ज्या एप्रिल २०१८ मध्ये त्या तरुणीला नाव मिळाले, त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील अनेक जुन्या खुनांचा आरोपी त्याच पद्धतीने पकडला गेला. वंशावळीच्या हौसेपोटी नमुना देणाऱ्यांनी आपल्या चुलत भावाच्या तपासाला संमती दिली होती काय, असा वाद तेव्हा उसळला. पुढच्या वर्षी त्या संग्रहाला संमतीचे नियम कडक करावे लागले.

परंतु या आक्षेपांतून निघणारा निष्कर्ष एवढाच की निरपराध प्रश्न वादग्रस्त प्रश्नाच्या गाडीला जुंपू नये. हरवलेल्या मुलीची आई स्वतःहून येऊन गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देते आणि तो केवळ अनोळखी मृतांशीच ताडून पाहावा असे सांगते, यात कोणाच्या खाजगीपणाचा भंग होतो? गुन्हेगारांची सूची वेगळ्या कायद्यात, वेगळ्या चर्चेसाठी ठेवावी. हरवलेल्यांसाठी एक छोटा, स्वतंत्र कायदा असावा. नमुना स्वेच्छेचा, उपयोग एकाच कारणासाठी, मुलगी सापडली किंवा आईने मागितला तर नमुना नष्ट, आणि जिवंत सापडलेल्या प्रौढ स्त्रीचा पत्ता तिच्या संमतीवाचून घरच्यांनाही न देण्याचे बंधन. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. काही घरे अशी असतात की त्यांनी शोधावे यापेक्षा न शोधावे यातच त्या स्त्रीचे हित असते.

अमेरिकेची वंशशोधनाची वाट आपल्याला जशीच्या तशी चालण्याजोगी नाही. हौसेने आपला डीएनए तपासून घेणारे भारतीय फार थोडे, त्यामुळे ताडून पाहण्यास नातलग मिळणार नाही. तसेच आपल्याला तेवढा वळसा घालण्याची गरजही नाही. आई किंवा वडील यांचा नमुना थेट उपलब्ध असेल तर नाते ठरविणे ही सामान्य तपासणी आहे. डीएनए-ठशांचे स्वदेशी तंत्र हैदराबादच्या प्रयोगशाळेत डॉ. लालजी सिंह यांनी १९८०च्या दशकातच विकसित केले. मुंबईत कलिना येथे राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. सारांश, विद्या आपल्या घरात आहे. तिच्यापुढे ठेवावयाच्या दोन नमुन्यांची जोडी तेवढी जमत नाही.

कायदा होईपर्यंत काहीच करता येणार नाही असेही नाही. अनोळखी देहाचा अंत्यसंस्कार करण्यापूर्वी दात, हाडाचा तुकडा, केस आणि रक्त यांचा क्रमांकित नमुना जतन केल्यावाचून परवानगी देऊ नये. दातांचा तक्ता, जुन्या अस्थिभंगाच्या खुणा, शस्त्रक्रियेचे व्रण, गोंदण, कपड्यावरील शिंप्याची चिठ्ठी या गोष्टी पंचनाम्यात नेमक्या शब्दांत उतराव्यात. नेमके तेच प्रश्न हरवल्याची खबर देणाऱ्या घराला विचारले जावेत, म्हणजे दोन वह्या एकाच भाषेत बोलू लागतील. मोठ्या आपत्तीतील अनोळखी मृतांचे दहन करू नये, दफन करून जागेची नोंद ठेवावी, असा सल्ला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या मार्गदर्शिकेत आहे. त्यामागील विवेक एकट्या मृतदेहालाही लागू पडतो. दहन ही परत न फिरणारी गोष्ट आहे. निदान नमुना ठेवल्यावाचून ती होऊ नये.

घराची बाजू

आता सर्वांत अवघड भाग. पोलिसांची वही रिकामी राहते याचे एक कारण पोलीस असतील. दुसरे आपण आहोत. मुलगा हरवला तर गावभर शोध होतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. तरुण मुलगी किंवा सून दिसेनाशी झाली की प्रथम दार लावून घेतले जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची! पळून गेली असेल, कोणाबरोबर तरी असेल, बोभाटा झाला तर धाकटीचे लग्न अडेल. सासर म्हणते माहेरी गेली, माहेर समजते सासरी आहे. काही ठिकाणी तर ‘आमच्या लेखी ती मेली’ असे म्हणून विषय संपविला जातो, आणि कधी कधी ते शब्दशः खरे झालेले असते. लग्नानंतर वडिलांचे नाव जाऊन पतीचे येते, आडनाव बदलते, काही घरांत तर जन्मनावही बदलते. मग शोधायचे कोणत्या नावाने? जिवंतपणीच जिची ओळख दोनदा लिहिली आणि एकदा पुसली गेली, तिची मृत्यूनंतर पटत नाही यात आश्चर्य कसले?

नाव नसल्याचा लाभ कोणाला होतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. तो प्रथम खुन्याला होतो. मृत कोण हे ठरले नाही तर तिचे शेवटचे दिवस कोणाच्या सहवासात गेले हे विचारताच येत नाही, आणि अकस्मात मृत्यूची नोंद तशीच थंडावते. तोटा आईला होतो. तिला ना सुतक ना श्राद्ध, ना आशा सोडता येते ना धरता येते. सात वर्षे कोणताही ठावठिकाणा न लागल्यास मृत्यू गृहीत धरण्याची सोय कायद्यात आहे. पण कायद्याने गृहीत धरलेले आईच्या मनाने गृहीत धरावे, असे कोणते कलम आहे?

हा लेख वाचणाऱ्यांत शिक्षक असतील, कारकून असतील, वसतिगृहात राहणारे विद्यार्थी असतील. त्यांनी डीएनए तपासायचा नाही. परंतु त्यांच्या हाती एक वस्तू आहे, जिचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. ती म्हणजे हजेरीपट. दहावीत असलेली मुलगी सलग काही आठवडे येत नाही, आणि आपण ‘सातत्याने गैरहजर, नाव कमी केले’ असे लाल शाईने लिहितो. कार्यालयातील तात्पुरत्या जागेवरची बाई एके दिवशी येत नाही, आणि मस्टरवर रेघ ओढली जाते. वसतिगृहातील खोली रिकामी होते आणि अनामत रकमेचा हिशेब होतो. पोलिसांच्या वहीत ‘अनोळखी’ म्हणून येण्यापूर्वी ती कोणाच्या तरी वहीत नावानिशी होती. तेथून ती का गेली हे विचारण्याचा हक्क आणि कर्तव्य त्या वहीच्या धन्याचे आहे. लाल रेघ ओढण्यापूर्वी एकदा घरी जाऊन यावे, उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारावे, आणि तरीही पटले नाही तर पोलीस ठाण्यात जाऊन खबर नोंदवावी. ती नोंदविण्यासाठी रक्ताचे नाते असावे लागत नाही.

ओहायोतील त्या तरुणीचे रक्त ३७ वर्षे टिकले, कारण कोणी तरी आपले काम नीट केले होते. तिच्या आईचा दूरध्वनी तितकीच वर्षे त्याच क्रमांकावर राहिला. या दोहोंची गाठ घालून देणारी व्यवस्था मधल्या काळात नव्हती, म्हणून ३७ वर्षे गेली. आपल्याकडे आजही कोठे तरी एक आई जुना क्रमांक बंद होऊ नये म्हणून त्यात दर महिन्याला पैसे भरीत असेल. तिने वाट पाहण्याचे आपले काम चालू ठेवले आहे. दोन वह्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम मात्र तिचे नाही, आपले आहे.